बायजाचा पाय

गावाला बायजाच्या पायाची गरज होती, बायजाची नव्हती.

पेणच्या पश्चिमेला खाडीच्या बांधाला लागून असलेल्या त्या गावात कुणाच्या कमरेत उसण भरली, की तो वाकडातिकडा होऊन तिच्या मागच्या दारी येई. बायजा पायाळू. जन्मताना डोक्याआधी तिचे पाय बाहेर आलेले. अशा माणसानं डाव्या पायानं कमरेला तीनदा स्पर्श केला की उसण निघते, हे खाडीपासून डोंगरापर्यंत सगळे मानत. मीठ वाहणारे, भात झोडणारे उंबऱ्यात पालथे पडत. बायजा भिंतीला हात टेकून पाय लावी. माणूस वयानं थोरला असेल तर लगेच वाकून नमस्कार करी, कारण पाय लागला होता. त्याबद्दल काही घ्यायचं नाही, हीही रीतच. बरं वाटलेला माणूस मागच्या दारानंच निघून जाई.

पुढच्या दाराचा हिशेब वेगळा होता. बायजा विधवा. गावात दुसऱ्याही विधवा होत्या. त्यांना हळद लावू देत नसत, पण मांडवात येऊ देत, निदान भांडी घासायला तरी. बायजाला मांडव वर्ज्य होता. बारसं वर्ज्य होतं. नवी होडी पाण्यात ढकलताना ती बांधावर दिसली तर बायका तिला हातानं लांब हो म्हणून खुणावत. तेव्हा तोच पाय पांढरा ठरे.

हा शब्द तिला तिच्या थोरल्या दिरानं दिला होता. दिराचं नाव दाजी, मिठागरावरचा मुकादम. बायजाच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत उधाणाच्या भरतीनं बांध फुटून खांड पडली. गाव माती घेऊन धावलं. तिचा नवरा कान्हू खांडीत उतरला आणि पाण्यानं ओढला गेला. प्रेत खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांत अडकलेलं सापडलं. ते अंगणात आणून ठेवलं तेव्हा दाजी रडला नाही. उंबऱ्यात बसलेल्या बायजाकडं बघून म्हणाला, "पांढऱ्या पायाची आणली घरात."

अंगणात सगळं गाव होतं. त्यानंतर दाजी तिच्याशी बोलला नाही. घराच्या मधोमध त्यानं कूड घातला, पुढं कुडाच्या जागी विटा आल्या. गाव व्यवहारी असतं. त्यानं दोन्ही गोष्टी मान्य करून टाकल्या. बायजाचा पाय पाठीला चांगला आणि दाराला वाईट.

बायजानं हे कधी मान्य केलं नाही. तिला दिराकडून ना वाटणी हवी होती ना दया. ज्या तोंडातून तो शब्द बाहेर पडला, त्याच तोंडानं तो चारचौघांत परत घ्यावा, एवढंच हवं होतं. त्यासाठी ती वाट बघत राहिली. वाट बघताना ती काही मऊ झाली नाही.

१९९४ सालच्या ऐन मिठाच्या दिवसांत दाजी मिठाची पाटी उचलायला वाकला आणि तसाच राहिला. आधी सगळ्यांना उसण वाटली. पण ही कळ कमरेत थांबेना. कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून, पोटरीतून थेट टाचेपर्यंत तापलेली तार ओढावी तशी जाई. बसलं की वाढे, खोकलं की वाढे. शेजारचा जनू त्याला म्हणाला, "दाजी, लोक लांबून येतात, तुझं तर औषध भिंतीपलीकडं हाय."

"मरेन," दाजी म्हणाला, "पण तिचा पाय लावून घेणार नाय."

हे बायजानं भाकरी थापता थापता ऐकलं. मधली भिंत आढ्यापर्यंत नेलेली नव्हती. त्यामुळं अबोला असूनही दोन्ही घरांना एकमेकांचं सगळं ऐकू येई. दाजीचं कण्हणंही. ते ऐकून तिला वाईट वाटलं असं ती कधी कुणाला म्हणाली नाही, आणि वाटलंही नव्हतं.

दाजीची थोरली मुलगी अनिता रोह्याला दिलेली. जावई प्रविण धाटावला कंपनीत शिफ्टला जाई. त्याच्या खात्यातल्या पिंपं उचलणाऱ्या दोघातिघांच्या कमरा रोह्याच्या एका माणसानं ठीक केल्या होत्या. हा माणूस दर रविवारी मुंबईहून येई. भाड्याच्या खोलीत एक उंच, चामड्यानं मढवलेलं बाकडं, आणि दारावर कायरोप्रॅक्टर अशी पाटी. तो शब्द रोह्यात कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून लोक त्याला मणकेवाला म्हणत.

प्रविणनं सासऱ्याला एस.टी.नं तिकडं नेलं. गडबपासून नागोठण्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला दाजीनं ड्रायव्हरच्या आईचा उद्धार केला. मणकेवाल्यानं त्याला उताणा झोपवून पाय सरळ वर उचलला. पाय वीतभर वर जातो न जातो तोच दाजी ओरडला. मग कुशीवर वळवून, एक हात खांद्यावर आणि एक कमरेवर ठेवून त्यानं असा झटका दिला, की कट् असा आवाज आला. बाहेर बसलेल्या प्रविणला वाटलं, म्हातारा मोडला.

ही हकिकत प्रविणनं घरी येऊन सासूला, कृष्णाबाईला, मोठ्या आवाजात सांगितली. "उसण नाय, आई. पायाची शीर कमरेत दाबली गेलीय. सायटिका म्हणतात. दर रविवारी न्यायचं. पाटी उचलायची नाय. आणि मुख्य म्हणजे पाठीवर कुणाचा पाय घ्यायचा नाय. पायाळूचा तर अजिबात नको, म्हणाला. शीर कायमची गेली तर पाय लुळा पडंल."

भिंतीपलीकडं बायजाचा तवा थांबला. तिनं ते नीट ऐकून ठेवलं.

दोन रविवार दाजी गेला. चालणं थोडं सरळ झालं. पण बसून राहणाऱ्याला मुकादम कोण म्हणणार? तिसऱ्या आठवड्यात त्यानं आगरात उतरून पाटी डोक्यावर घेतली, आणि त्याला चौघांनी उचलून घरी आणलं. मग तो मणकेवाल्याला शिव्या देऊ लागला. त्यानंच हाड सरकवलं म्हणाला. "तो हातानं दाबतो, पायाळू पायानं दाबते. रोह्याला कशाला मरायला जायचं?"

संध्याकाळी कृष्णाबाई बायजाच्या मागच्या दारी आली.

"बायजे, पलीकडं येतेस का जरा?"

"का? कोण मेलं?"

"तोंडाला काय धरबंद हाय का गो तुझ्या! त्यांची कंबर..."

"ऐकतेय की. भिंत वरपर्यंत नेली असती तर नसतं ऐकलं. विटा कमी पडल्या वाटतं तुमच्या दादल्याला."

"मग ये ना. पाय लाव एकदा."

"माझा पाय पांढरा हाय, जाऊबाय. चुना लागंल त्यांच्या कमरेला."

कृष्णाबाईनं पदर तोंडाला लावला. रडायला की शिवी गिळायला, ते बायजाला कळलं नाही. तिला फरक पडत नव्हता.

"पाय हवा तर त्यांनी यावं," ती म्हणाली. "मागनं नाय, पुढच्या दारानं. आणि तोंडानं मागावा."

"थोरला दीर तुझ्या दारी येऊन पाय मागंल?"

"कंबर त्यांची हाय. माझी कंबर बरी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, माणसं आगराकडं निघायच्या वेळेला, दाजी आला. एका बाजूनं रात्रीच येऊन पोचलेला प्रविण, दुसऱ्या बाजूनं जनू. शरीर कोयत्यासारखं एकीकडं वाकलेलं. गल्लीतली माणसं पाट्या खाली ठेवून उभी राहिली. असा तमाशा चुकवण्याइतकं कुणाला काम नसतं. दाजीला बायजाच्या पुढच्या उंबऱ्यात पालथं घातलं. इतक्या वर्षांनी तो तिच्याशी जो पहिला शब्द बोलला, तो जमिनीकडं तोंड करून बोलला.

"लाव."

"काय लावू?" बायजानं विचारलं.

"पाय."

"कंचा?"

"डावा! आणि कंचा?"

गल्लीत कुणीतरी हसलं. बायजा हसली नाही. "डावा ते मना ठाऊक हाय, भाऊजी. पांढरा का पायाळू, ते सांगा. एका पायात दोन नाय राहात."

"सटवे, वेळ बघून डूख धरतेस?"

"वेळ तुम्ही बघितली व्हती. पुढ्यात कान्हू व्हता. माझं कुकू वलं व्हतं."

"बायजे, पुरे आता," जनू म्हणाला.

"तू त्या दिवशी अंगणात व्हतास ना रे जनू? तेव्हा नाय म्हणालास पुरे."

दाजीनं उठायचा प्रयत्न केला आणि कळ टाचेपर्यंत गेली. त्याच्या कपाळाचा घाम उंबऱ्यावर पडला. मग तो पुटपुटला, "पायाळू."

"ऐकू नाय आलं. त्या दिवशी सगळ्या अंगणाला ऐकू गेलेलं."

"पायाळू! पायाळू हायस तू, पांढऱ्या पायाची नायस! ठेव आता, भवाने!"

बायजानं भिंतीला हात टेकला आणि डावा पाय उचलला. टाच दाजीच्या कमरेच्या बरोबर वर होती. त्या टाचेत किती जोर आहे हे तिला ठाऊक होतं, आणि तो सगळा जोर खाली घालावासा तिला वाटला, हे लपवण्यासारखं नाही. पण भिंतीवरून ऐकलेलंही डोक्यात होतं. मणकेवाला खरा की खोटा ते तिला कळत नव्हतं. खरा निघाला तर? तिच्या पायाखाली दाजीचा पाय लुळा पडला, तर त्यानं आताच परत घेतलेला शब्द मरेपर्यंत तिला चिकटणार होता, आणि साक्षीला सगळी गल्ली उभी होती.

तिनं पाय बाजूला जमिनीवर ठेवला.

"उसण असती तर लावला असता. ही शीर हाय. पाठीवर पाय घेऊ नका, लुळे व्हाल, असं रोह्याला सांगितलंय ह्यांना. विचारा जावयाला."

सगळ्यांनी प्रविणकडं बघितलं. प्रविण स्वतःच्या चपलांकडं बघत राहिला.

"ठाऊक व्हतं," दाजी खालून ओरडला, "तर बोलावलंस कशाला?"

"मागायला," बायजा म्हणाली. "लावायला नाय."

आणि ती आत गेली. पाय लागला नव्हता, त्यामुळं नमस्कार करायचं कारण नव्हतं.

दाजीला जनूच्या मालवाहू टेम्पोत गादीवर घालून रोह्याला नेलं. पावसाळाभर तो रविवारी जात राहिला. कळ ओसरली, डावं पाऊल चालताना किंचित घासतं ते मात्र राहिलं. मुकादमी दुसऱ्याकडं गेली. विचारेल त्याला तो सांगे, दुखण्यात माणूस काहीही बोलतो. पण बोलला होता हे त्याला नाकारता येत नव्हतं, गल्लीनं ऐकलं होतं.

म्हणून गाव बायजाच्या बाजूनं झालं असं नाही. थोरल्या माणसाला उंबऱ्यात लोळवलं, माज आला, असंच बहुतेक म्हणाले. त्यांना खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. बायजानं मागचं दार लावून घेतलं होतं. उसण घेऊन कुणी आलं की ती आतूनच सांगे, "शीर असंल. रोह्याला जा." मणकेवाल्याच्या खोलीबाहेर आता खाडीकडची माणसंही दिसू लागली. एस.टी.त बसून वाकडी झालेली, आणि तिला शिव्या घालणारी.

पुढच्या वैशाखात दाजीच्या धाकट्या मुलीचं, नम्रताचं लग्न निघालं. कृष्णाबाई अक्षता घेऊन आली ती पुढच्या दारानं.

"मांडवात ये, बायजे."

"कुणी सांगितलं?"

"मीच सांगतेय ना."

"त्यांनी सांगितलं का?"

कृष्णाबाईनं भिंतीकडं बघितलं. "नाय म्हणाले नायत."

म्हणजे घरात कुणाच्या तरी कमरेत उसण आहे, हे बायजानं ओळखलं. तिनं अक्षता घेतल्या, देवापुढं ठेवल्या आणि भिंतीपलीकडं जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "सांगा त्यांना, यायचं व्हतं. पण काय करू, पाय दुखतोय."