भरलेल्या गाडीचा गचका

माझी धाकटी बहीण शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. तिच्या नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं, त्यांना रोज गाडी चालवणं झेपेना, तेव्हा तिनं स्टेअरिंग हातात घेतलं. कोणतं पोर डुलक्या घेतं, कुणाला मळमळतं, कुणाला कुणाच्या शेजारी बसवलं की मारामारी होते, सगळं तिला पाठ.

काही दिवसांपासून गाडी मिस मारत होती. चढावर इंजिन अडखळायचं, गचके बसायचे, लहान मुलं रडायची. गॅरेजवाल्यानं दोनदा प्लग बदलले, कॉइल तपासली आणि हात झटकले. शाळेनं सांगून टाकलं, सोमवारी परत असं झालं तर मुलं दुसऱ्या व्हॅनमध्ये बसवू.

रविवारी मी गेलो, तर ती अंगणात व्हॅनची पुढची, ड्रायव्हरशेजारची सीट उचलून खालच्या इंजिनाकडे टक लावून बसलेली. इंजिन एकसुरात चालू.

"बघ दादा, कशी गुणी बाळासारखी चाललीय!"

"माझी पाठही नुसतं बसलो की दुखत नाही," ओट्यावरून मेहुणे म्हणाले. "पिशवी उचलली की कळतं."

ती एकदम उभी राहिली. "अहो, मी गॅरेजला नेताना गाडी रिकामी करते. वर झाडूनपुसून नेते! त्याला बिचाऱ्याला काय दिसणार?"

मग तिनं गल्लीतली घरं पालथी घातली. शेजारच्या काकू, समोरचा शिंपी, त्याची आई, निवृत्त मास्तर, सगळे आले.

"काकू, तुम्ही मागे बसा. तीन पोरांचं काम एकट्या कराल."

"मेले, माझ्या वजनावर जाऊ नकोस," म्हणत काकू आधी चढल्या.

मीही गुडघे हनुवटीला टेकवून पोरांच्या सीटवर बसलो. मेहुण्यांनी तेवढ्यापुरतं स्टेअरिंग धरलं. ती उचललेल्या सीटशी उकिडवी बसली, एक हात दाराला, डोळे इंजिनावर. गल्लीचा चढ लागला आणि पहिला गचका बसला. शिंप्याची आई देवाचं नाव घेऊ लागली.

"थांबू?" मेहुण्यांनी विचारलं.

"नाही. अजून दाबा."

तेवढ्यात मलाही दिसलं. जोर लागला की अख्खं इंजिन एका अंगाला कलत होतं आणि एक वायर ताणली जात होती. प्रत्येक ताणाला एक गचका. तिच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तरी तिनं पापणी हलवली नाही. लहानपणी पालीला घाबरून माझ्या पाठीमागे लपणारी ती हीच का, मला कळेना.

"सापडलं," ती हळूच म्हणाली.

इंजिनाखालचं रबर फाटलं होतं आणि वायर आतून तुटून नुसती टेकलेली होती. गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. तो वरमला, पण त्यानं रबर आणून बसवलं. वायर तिनं स्वतः जोडली, थोडी सैल सोडून.

पुन्हा सगळे बसले. या वेळी ती चालवत होती. चढ लागला. गाडी सरळ वर गेली.

वर पोचल्यावर तिनं शाळेत फोन लावला. "मॅडम, उद्या मुलांना मीच आणते," एवढंच म्हणाली.