कुठला सोमवार ते विचारलंच नाही

माझा थोरला जन्माला आला तोच घाईत, आठवा महिना लागतो न लागतो तोच. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीची गोष्ट. राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून सख्खे शेजारी एकमेकांकडे बघत नव्हते. आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात मात्र सगळ्या बायांचा सकाळी उठल्या उठल्या एकच प्रश्न, "तुझ्याचं वजन वाढलं काय गो?"

पोर पणजीच्या मोठ्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत आणि मी बाहेर बाकावर. नवरा मुळगावच्या खाणीवर कामाला, तो रविवारी तेवढा यायचा. जनेलाच्या काचेतून पोराकडे बघायचा आणि म्हणायचा, "एवढंच?" बाजारात बांगडा बघावा तसं! मी अशी भडकायचे की सिस्टर येऊन मलाच गप्प करायची.

डॉक्टरीण सासष्टीची, बोलायला तुटक. तिचं म्हणणं एकदम सरळ. वजन वाढत राहिलं पाहिजे, पेटीबाहेर अंग गरम राहिलं पाहिजे, नळीशिवाय दूध पोटात गेलं पाहिजे आणि पोर श्वास घ्यायला विसरता कामा नये.

"श्वास घ्यायला कोण विसरतं?" मी म्हटलं.

"ही विसरतात. आधी आलेली."

ते सगळं पटायचं, तरी रोज सकाळी मी तिच्या वाटेत उभी. "डॉक्टर, आज?" "आज ना." अस्सा संताप यायचा! तिथल्या वासाने आणि पाणचट चहाने जीव विटला होता माझा. पोराला घेऊन घरी जायचं, एवढंच डोक्यात.

इकडे डिचोलीला माझ्या सासूबाईंनी थेट देवालाच विचारलं. त्यांना आम्ही सगळी मांय म्हणतो. आमच्याकडे लग्न असो की विहीर, कौलाशिवाय पान हलत नाही. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. मांयने विचारलं, "नातवाला सोमवारी घरी आणू?" पटकन उजवी पडली. झालं!

सोमवारी जीप दारात. मांय, दीर, दोन्ही जावा, नारळ, दृष्ट काढायला मीठ-मिरच्या, सगळा लवाजमा.

"पोर द्या," मांय डॉक्टरणीला म्हणाली. "देवाचा कौल झाला."

डॉक्टरीण वाद घालत बसली नाही. तिने मांयला हातपाय धुवायला लावले, खुर्चीत बसवलं, मांडीवर पोर दिलं आणि हातात दुधाची वाटी आणि कुलेर, म्हणजे चमचा. "तुम्हीच पाजा."

"पाच पोरं वाढवलीत मी," मांय फुशारकीने म्हणाली.

दोन कुलेरी गेल्या. तिसरीला पोर थांबलं. छाती हलेना. ओठ निळे पडायला लागले. सिस्टरने पुढे होऊन त्याच्या तळव्यावर टिचकी मारली, तसं ते दचकलं आणि बारीक रडलं. मांयने कुलेर वाटीत ठेवून दिली.

बाहेर सगळी मंडळी वाट बघत उभी. मांयने पदर सारखा केला. "देव नाही चुकला. चूक माझी. मी सोमवार म्हटलं, कुठला सोमवार ते विचारलंच नाही."

"मग हा नारळ?" दिराने विचारलं.

"डोंबल तुझं! परत ने."

तिथे आल्यापासून मी पहिल्यांदा हसले त्या दिवशी.

मग दर सोमवारी मांय एकटी बसने यायची. डॉक्टरणीशी वाद नाही, काही नाही. पोराला उराशी कसं बांधायचं ते सिस्टरकडून शिकली आणि मग वॉर्डातल्या बाकीच्या सासवांना दम भरायला लागली. "नळी सुटल्याबिगर घराचं नांव काढू नका. कौल घेतलास? कुठला सोमवार ते विचारलंस?"

आणि एका सोमवारी डॉक्टरीण आपणहून म्हणाली, "ने गो घरी."

घरी सिस्टर नाही, कोण नाही. हा श्वास विसरला तर?

"आज नको," मी म्हटलं.

"कितें? रोज विचारून जीव खाल्लास माझा! कधीपासून श्वास विसरलेला नाही तो. पोर तयार आहे."

तरी माझा धीर होईना. पाकळ्यांना इतकी वर्षं हसणारी मी, मांयचा हात धरला. "मांय, कौल घेतलात?"

"ना."

"का?"

ती पोराला टोपरं बांधत होती. "गेले होते. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि मी काही न विचारताच उठून आले. डावी पडली असती तरी मी याला आणलाच असता गो. मग देवाला कशाला तोंडघशी पाडू?"