पंचम नसलेलं स्केल

मार्तंड गेल्यावर पद्मजा रडली नाही. टिळकवाडीतल्या बायका महिनाभर येऊन तिच्या तोंडाकडे बघत बसल्या. रडणं म्हणजे काय नळ आहे, फिरवला की आला? तिनं सगळ्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं.

नवरा अभंग गायचा, ही पेटी धरायची. उचगावच्या भजनी मंडळात दर गुरुवारी दोघांची जोडी. मंडळाची पेटी पद्मजाच्याच घरी असायची. आता ती खोळ घालून कोपऱ्यात पडली होती, आणि पद्मजा पलीकडच्या गल्लीत केतकीकडे पियानो शिकायला जात होती.

पहिले दोन आठवडे नुसता तमाशा. उजवा हात पट्ट्यांवर चालायचा आणि डावा भाता शोधायचा.

"काकू, डाव्या हातालाही काम द्या की," केतकी हसायची.

"तीस वर्षं हवाच मारलीय त्यानं. एकदम सुधारेल होय?"

केतकीनं शिकवलेली साधी स्केल्स तिला नको झाली. चार सूर वाजले की पुढं मार्तंडचा गळा यायला पाहिजे असं वाटायचं, आणि तो यायचा नाही. मग एकदा केतकीनं एक चमत्कारिक स्केल वाजवून दाखवलं. सहाच सूर, सगळे सारख्या अंतरावर. सा, रे, ग पांढऱ्या पट्ट्यांवर, मग तीव्र मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद काळ्यांवर. पंचम नाहीच.

"हे कुठं जाऊन थांबतं गं?"

"कुठंच नाही थांबत, काकू."

"मग हेच शिकव."

बोटं सवयीनं पंचमावर पडायची. ती पुन्हा सापासून सुरू करायची. राग नाही, कंटाळा नाही. मटार सोलावेत तसं.

एक दिवस आक्काताई रिक्षा करून उचगावहून आली. मंडळात तिचा शब्द चालायचा. पद्मजा घरी नसल्याचं कळताच ती थेट केतकीच्या दारात हजर.

"हे काय वाजवालीस गं? पेटीत उंदीर शिरल्यागत!"

"शिकतेय, आक्का."

"शीक की. पण येत्या गुरुवारी न्हाय आलीस तर तुझी जागा श्रीनाथला देनार बघ मंडळ. लई दिवस थांबलो. आन् त्याचं वाजवणं तुला ठावं हाय, वरातीचा बँड नुसता!"

दोघी घरी आल्या. आक्काताईनं स्वतःच खोळ काढली, पेटी पुढ्यात ठेवली आणि मार्तंडचाच आवडता अभंग सुरू केला. पद्मजाचे हात लागलीच चालू लागले. एक सूर चुकला नाही. आक्काताईचा आवाज भरून आला, पदराला डोळे पुसत ती गात राहिली. पद्मजा वाट बघत होती, आता काहीतरी होईल, निदान आपलेही डोळे ओले होतील. काही झालं नाही. अभंग संपला.

"बघ, जमतंय की न्हाय! येतीस न्हवं?"

"हात येतील, आक्का. मी नसणार तिथं. देवापुढं असलं खोटं नको."

"खोटं कसलं गं त्यात?"

"तू रडलीस. मी सूर मोजत होते. श्रीनाथला द्या जागा. पेटी आत्ताच घेऊन जा."

आक्काताईनं पेटीवर परत खोळ चढवली. मग दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून पेटी फाटकाशी थांबलेल्या रिक्षात ठेवली.

"ऐकायला तरी ये गं."

"बघते," पद्मजा म्हणाली. जायचं नव्हतं, हे दोघींनाही कळलं. रिक्षा वळायच्या आत तिनं फाटक लावून घेतलं.