घाटात दोरी सैल पडलीच नाही

भूतखेत, चकवा, अंगात येणं... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. शाळेत पीटी शिकवते. चार फेऱ्या मारून घाम गाळला की डोक्यातली सगळी भुतं पळतात, असं माझं मत होतं. तरीही हे लिहितेय, कारण पोटात ठेवून ठेवून आता थकले.

दत्ता माझा धाकटा भाऊ. लहानपणी तापात त्याची दृष्टी गेली ती कायमचीच. आई गेल्यापासून आम्ही दोघंच, इस्लामपूरला. मागच्या वर्षी त्याला सांगलीत बँकेत नोकरी लागली आणि स्वारीने जाहीर केलं – तिथे खोली घेऊन एकटा राहणार! मी म्हटलं, रोज एसटीने जा-ये कर, स्टँडवर मी सोडते. खूप भांडलो. शेवटी मीच चिडून म्हणाले, साताऱ्याला घाटातली हाफ मॅरेथॉन पुरी करून दाखव, मग बघू. वाटलं, गप बसेल. तर दुसऱ्या दिवशी पहाटे हा बूट घालून दारात उभा!

पळताना आमच्या दोघांच्या हातात एकच दोरी असायची, वीतभर. वळण आलं की मी दोनदा ओढायचं. दोरी सैल पडली तर त्याने हात वर करून जागीच उभं राहायचं. हा नियम मी त्याच्याकडून अक्षरशः घोकून घेतला होता.

शर्यतीच्या दिवशी यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत सगळं झकास. "आक्के, दमलीस व्हय? थांबू का?" म्हणून उलट मलाच चिडवत होता. वरून वळून उतरायला लागलो आणि धुकं आलं. असं, की स्वतःचे बूट दिसेनात. मागून कुणीतरी धडकलं, मी गुडघ्यावर आपटले आणि दोरी बोटांतून निसटली.

उठले, हाका मारल्या. उत्तर नाही. नियमाप्रमाणे तो तिथेच पुढे हात वर करून उभा असायला हवा होता. नव्हता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी... मी लंगडत मागे-पुढे फिरत होते, येईल त्याला विचारत होते. लोक मान हलवून पुढे जात. जिथे कठडा संपतो तिथे मी मटकन बसले. खाली नुसतं पांढरं. आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि त्या दरीत तोंड घालून मी किंचाळले, "दत्त्या, सापड रं एकदा! जा सांगलीला, एकटा ऱ्हा, मी आडवणार न्हाई!"

तशीच रडत, खुरडत खाली आले. पाण्याच्या टेबलाशी एक मावशी होत्या.

"आंधळा पोरगा? गेला की मगाशीच. हसत चाललावता."

"एकटाच?"

"न्हाई वो बाई. हुतं की कोणतरी बाजूला. धुक्यात नीट दिसलं न्हाई."

शेवटच्या रेषेपलीकडे दत्ता गळ्यात मेडल घालून केळं खात बसला होता. मी आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला, मग त्याला मिठी मारून ढसाढसा रडले.

"थांबला का न्हाईस? नियम काय ठरलावता?"

"दोरी सैल पडलीच न्हाई तर कशाला थांबू? आन् मारतीस काय? आत्ता तर पाणी आणते म्हणून गेलीस."

मी त्याचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. रक्त पार सुकून गेलं होतं. त्याच्या तोंडचं हसू गेलं.

"आक्के... हे कवा झालं?"

पडल्याचं, शोधल्याचं सगळं सांगितलं, फक्त दरीत काय ओरडले ते सोडून. त्याने जखमेच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "मग उतरताना मला कोण म्हणालं, जा सांगलीला, एकटा ऱ्हा, मी आडवणार न्हाई?"

शाळेतले सहकारी म्हणतात, दुसऱ्या कुणी रनरने धरली असेल दोरी. असेलही. पण दत्ताला माझा हात कळत नाही? आवाज कळत नाही? आणि ते शब्द मी दरीला सांगितले होते, माणसाला नाही. तेव्हा तो घाट उतरून कितीतरी खाली गेला होता. खूप डोकेफोड केली, अजून काही उलगडा नाही.

पुढच्याच आठवड्यात मी त्याला सांगलीला पोचवून आले. नाही कशी म्हणणार? तो आता मजेत आहे, स्वतः भाकरी थापतो, जाड असतात म्हणे. फोनवर एकदा म्हणाला, "आक्के, त्या दिवशी तू किती हसत म्हणालीस, जा म्हणून. लय बरं वाटलं."

मी तर किंचाळत होते.

जी कोण त्याच्याबरोबर होती, तिची मला भीती वाटत नाही. हेवा वाटतो. मला त्याला असं हसत जा म्हणणं कधीच जमलं नसतं.