दुभाषीबाई आणि सुनेची उत्तरं

अकरा वर्षांनी नोकरी मिळाली, तेव्हा दुभाषीबाईंना आनंदाआधी शंका आली. त्रेपन्नाव्या वर्षी, एवढ्या मोठ्या खंडानंतर, एका झटक्यात होकार? कुठंतरी पाणी मुरत होतं.

संशय हा त्यांचा जुना आजार. माहेरची भाषा एक, कचेरीची दुसरी, आणि दोन्ही तोंडात सारख्याच घोळलेल्या. त्या जोरावर पहिली नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली, दुसरी कोर्टात दुभाषी म्हणून. टोपणनाव तिथलंच. एका भाषेत बिनदिक्कत थाप मारणारा साक्षीदार दुसरीत अडखळतो, हे बघून बघून त्यांना माणसाच्या मनाचंच वेड लागलं. संध्याकाळच्या वर्गांना बसून त्या मानसशास्त्र शिकल्या. मग शाळेत समुपदेशक, पुढं तुरुंगात कैद्यांच्या चाचण्या. नवऱ्याला अर्धांगवायू झाला तेव्हा मात्र सगळं सोडून घरी बसल्या. त्याचं तुटकं बोलणं त्यांच्याशिवाय कुणालाच कळत नसे. "ही माझी तिसरी भाषा," त्या म्हणायच्या. तो गेला, आणि वर्षभरानं त्यांनी या इस्पितळात अर्ज टाकला.

स्मृती-तपासणी विभागात त्यांना जुने एक्स-रे ठेवायची खोली दिली होती. विभागाचे डॉक्टर मुलाच्या वयाचे. दिवसातून दोनदा दारातून डोकावून विचारायचे, "जमतंय ना?" बाईंना ती पाळत वाटायची.

तिसऱ्या आठवड्यात एक म्हातारे घड्याळजी आले, सोबत त्यांची सून. "यांना कचेरीची भाषा येत नाही," सून म्हणाली, "मी सांगते ना." म्हातारा पुटपुटला ती नेमकी बाईंच्या माहेरची भाषा. बाई तोंड उघडणार होत्या, पण कोर्टातल्या सवयीनं गप्प राहिल्या.

"आज वार कोणता?"

बाईंचा हा प्रश्न सुनेनं सासऱ्याला त्याच्या भाषेत विचारला. म्हातारा म्हणाला, "दुकान उघडायचा."

"मंगळवार म्हणतायत," सून म्हणाली.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. शंभरातून सात वजा केले तर? म्हातारा म्हणाला, "आधी काटे तर बसव." सून म्हणाली, "त्र्याण्णव." लक्षात ठेवायला दिलेले मघाचे तीन शब्द कोणते? म्हातारा हसला. सुनेनं तिन्ही शब्द धडाधड सांगितले. तिच्या पिशवीतून एक खाकी पाकीट डोकावत होतं, आणि तिचा हात त्यावरून हलत नव्हता. सासरा शहाणा ठरायला हवा आणि पाकिटात इस्टेटीवर त्याची सही घ्यायचे कागद असणार! बाईंनी मनातल्या मनात खटला उभा करून निकालही देऊन टाकला.

मग त्या माहेरच्या भाषेत म्हणाल्या, "सूनबाई, तुम्ही जरा बाहेर बसा."

सून पांढरीफटक पडली.

एकटे सापडल्यावर म्हातारबाबा खुलले. बाईंच्या मनगटावरचं घड्याळ कानाशी धरून म्हणाले, "दिवसाला चार मिनिटं मागं पडत असेल." खरंच पडत होतं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सून चोर आहे माझी. हत्यारं लपवते." बाईंचा संशय पक्का झाला. चाचणी पुन्हा त्यांच्याच भाषेत घेतली. तीसपैकी अकरा गुण.

बाहेर येऊन त्यांनी दरडावलं, "पाकिटात काय आहे?"

सुनेनं मुकाट्यानं ते पुढं केलं. आत वृद्धाश्रमाचा प्रवेश-अर्ज होता, म्हाताऱ्याच्या मुलानं भरलेला; तपासणीचा रिपोर्ट तेवढा जोडायचा होता.

"तुमचा रिपोर्ट वाईट आला की उद्या हे त्यांना तिकडं नेऊन ठेवणार," ती म्हणाली. "त्यांची बोली बोलणारं तिथं कुणी नाही हो. मुकेच होतील ते."

"आणि हत्यारं?"

"स्क्रू गिळले होते त्यांनी. दोन."

बाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या. एवढ्या वर्षांत कितीतरी खोटी भाषांतरं ऐकली होती, पण असं पहिलंच.

"मी अकराचे बावीस करणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. सून रडायला लागली. "पण मुलाला घेऊन या."

मुलगा दुसऱ्याच दिवशी आला, तो फणकाऱ्यातच. "हिनं तुम्हाला पढवलंय!"

"प्रयत्न केला होता. मी गुण खरेच लिहिलेत."

कागदावरचा आकडा बघून तो निवळला. म्हणाला, "तुम्हाला मी कसाई वाटत असेन. पण ही त्यांच्यामागं धावून धावून दोनदा चक्कर येऊन पडली. तिला काही झालं तर मी काय करू?"

या बाजूचा विचार बाईंनी केलाच नव्हता. अहवालात त्यांनी लिहिलं: घरीच ठेवावं, आठवड्यातले चार दिवस इस्पितळाच्या दिवसकेंद्रात पाठवावं, म्हणजे सुनेला विसावा. तिथं त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला रोज अर्धा तास मी जाईन.

डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला. बाईंनी कान टवकारले.

"तुम्हाला ही भाषा येते हे आधी का नाही सांगितलंत?"

"अर्जात पहिल्याच ओळीत आहे."

डॉक्टर ओशाळले. "खरं सांगू? तो अर्ज मी वाचलाच नाही. एकच आला होता."

घड्याळजी त्यानंतर चौदा महिने घरी राहिले. शेवटी शेवटी सुनेला ओळखेनासे झाले, तरी ती जेवायला हाक मारायची तेव्हा उठून यायचे.