वळणमाय आणि रविवारची वांगी

नागपूरला समुद्र नाही. यात माझा काही दोष नाही. पण माझी नणंद शालूताई दर हिवाळ्यात रत्नागिरीहून माहेरपणाला आली, की तो मीच कुठेतरी ठेवून विसरले असल्यासारखं बोलायची.

"वहिनी, आमच्याकडे किनाऱ्याकिनाऱ्यानं सायकल मारायची. एका अंगाला माड, एका अंगाला समुद्र! तुमच्याकडे काय? वाडी नाक्यावरचे ट्रक!"

(ही स्वतः नागपुरात जन्मली, इथल्याच उन्हात वाळली. पण लग्नाला दहा वर्षं झाली आणि तिच्या अंगात खारं वारं शिरलं.)

"आमच्याकडे खाण आहे," मी म्हटलं.

हे खरं होतं. सावनेरच्या पुढे माझं माहेर. गावाला लागूनच मँगनीजची जुनी खाण. माझे वडील तिथे टाइमकीपर होते. माणसांच्या हजेरीवर खुणा करता करता त्यांचा जन्म गेला आणि याद्या करायचं वेड मला वारशात मिळालं. खाण बंद पडली, काळ्या मुरमाचे डोंगर आणि पाण्याने भरलेले खड्डे तेवढे उरले. गावातून पलीकडच्या फाट्यावर जायला पक्का रस्ता बारा किलोमीटरचा. खाणीतून गेलं तर पाच.

आमचे हे हसले. "खाणीतून सायकल? अवं, तुमी तिथं रस्ता शोधून राहाल अन् आमी फाट्यावर चहा पिऊन राहू!"

शालूताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, तेही हसले. दोन पुरुष एकदम हसले की माझं डोकं फार पद्धतशीर चालतं.

"ठीक आहे. हा रविवार सोडून पुढच्या रविवारी बायका खाणीतून, पुरुष पक्क्या रस्त्यानं. जे मागून पोहोचतील त्यांनी आपापल्या घरी वर्षभर रविवारचा स्वयंपाक करायचा!"

"मंजूर!" हे म्हणाले. (यांना तोवर आमच्या घरातला साखरेचा डबा कोणता हे माहीत नव्हतं. मीठ घातलेला चहा त्यांनी दोनदा केला होता.)

शालूताईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "वहिनी, हरलो तर? बावन्न रविवार जातात ते जातात, वर हे दोघं बोलून बोलून जीव घेतील!"

"हरणार नाही. मी यादी केली आहे."

यादीत बावीस गोष्टी होत्या. पंप, पंक्चरचं सामान, गूळ-शेंगदाणे, चपलांना बांधायची दोरी. अकरावी गोष्ट होती, "वळणांवर खुणा." खाणीतल्या पायवाटा केसांच्या गुंत्यासारख्या, चुकायची पाच वळणं. मी आदल्याच रविवारी एकटी एसटीने गेले आणि प्रत्येक वळणावर, जिकडे वळायचं त्या हाताचा एकेक दगड रंगवून आले. चुना दवाने गेला असता, आणि घरी शेंदूर उरला होता. तो तेलात कालवून डब्यात नेला. शिवाय सवयीप्रमाणे प्रत्येक दगडाच्या मागे निळ्या तेलखडूने बरोबरची खूण केली. काम झालं!

आमच्या भागात शेंदूर लावलेल्या दगडाला कोणी नुसता दगड म्हणत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. ते यादीत नव्हतं, इतकंच.

ठरल्या रविवारी चार सायकली एसटीच्या टपावर टाकून आम्ही माहेरी उतरलो. पुरुषांनी घंट्या वाजवत पक्का रस्ता धरला, आम्ही पदर खोचून खाणीची वाट. पहिल्या वळणावर माझा शेंदरी दगड लांबूनच चमकला.

"वा वहिनी!" शालूताई ओरडली. "पण नारळ कशाला फोडून ठेवलात?"

मी नारळ फोडला नव्हता. मी हार घातला नव्हता, उदबत्तीही लावली नव्हती! पण दगड तोच होता. आम्ही वळलो.

दुसऱ्या वळणावर दोन शेंदरी दगड होते. एक डाव्या हाताला, एक उजव्या.

"कुठला तुमचा?"

"मागे खूण असलेला," मी ऐटीत म्हटलं आणि डाव्या दगडामागे वाकले. खूण होती! सहज म्हणून उजव्यामागे वाकले. तिथेही खूण होती!! वर आणखी ठसठशीत.

डावीकडे गेलो ते अंदाजाने. तिसऱ्या वळणावर पाच दगड ओळीने बसले होते. पाचही शेंदरी, पाचही खूणवाले. शेजारी बकऱ्या चारत सखूआजी बसलेली. मी परकरात होते तेव्हापासूनची ओळख.

"कोन? टाइमकीपरची निमी काय वं?"

"हो आजी. हे दगड कसले?"

"दगड म्हनू नोको वं! वळणमाय हाय. मागल्या ऐतवारी पाच जाग्यावर आपसूक निघाली. पाठीवर तिची निशाणी बी हाय."

"मग हे इतके कसे?"

"बाजूच्याइले काहून नाराज करा? त्याइले बी लावला शेंदूर. निशाणी बी काढली. आता चौदा झाल्या."

शालूताईने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

"आजी, फाट्याची वाट कोणती?"

"माय नेईल तिकडं जा!"

मायने आम्हाला सरळ मुरमाच्या डोंगरावर नेलं. सायकली ढकलत वर पोहोचलो आणि वाटच संपली. खाली, एका बाजूला, अख्खा खड्डा भरून निळंशार पाणी. वारा सुटला होता, लाटासुद्धा उठत होत्या. शालूताई सायकल आडवी टाकून कडेशी गेली.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "हा तर समुद्र आहे की!"

"नंतर बघा! फाटा तो तिकडे!"

डोंगराच्या दुसऱ्या उताराच्या पायथ्याशी चहाच्या टपरीचा धूर दिसत होता. मधे नुसती घसरण. परत फिरून वाट शोधली असती तर बावन्न रविवार हातचे गेले असते.

"बसा सायकलवर," मी म्हटलं.

"ब्रेक लागतील?"

"ब्रेक तपासणे यादीत सातवं होतं."

"तपासले का?"

"यांना सांगितलं होतं!"

पुढचं मला सलग आठवत नाही. मुरूम, बाभूळ, शालूताईची किंकाळी, माझी किंकाळी, एक घाबरलेली बकरी. पंप उडाला, गूळ उडाला, दोरीने बांधलेल्या चपला मात्र पायातच राहिल्या. (यादीचा विजय असो!) आम्ही टपरीच्या बाकड्याला धडकून थांबलो तेव्हा डोक्यापासून नखापर्यंत काळ्याकुट्ट होतो. टपरीवाला दोन पावलं मागे सरकून हात जोडून उभा राहिला.

"इथं दोन सायकलवाले पुरुष आले का?" मी विचारलं.

"नाही माय," तो म्हणाला.

जिंकलो! आम्ही दोघींनी तिथेच फुगडी घातली. दुसरा चहा संपला तरी पुरुषांचा पत्ता नाही. तासाभराने आले. कपाळाला शेंदूर, हातात प्रसादाचा द्रोण आणि चालीत पंगतीचं जडपण.

"कुठे होतात?"

"काय सांगू!" हे घाम पुसत म्हणाले. "रस्त्यावर मिरवणूक! कोन्ती तरी नवी देवी निघाली म्हणे खाणीत, वळणमाय. पुढं जाऊ देईनात. पंगतीत बसवलं, दोनदा बुंदी वाढली. देवीच्या कामात नाही कसं म्हणावं?"

शालूताईला ठसका लागला. मी तिच्या पाठीत दोन थापट्या घातल्या. दुसरी गरजेपेक्षा जोरात होती. त्या दगडांबद्दल ती आजवर एक शब्द बोललेली नाही. समुद्राबद्दलही नाही.

अशा रीतीने आम्ही शर्यत जिंकलो आणि त्याच्या पुढच्या रविवारी यांनी कमरेला माझा पंचा बांधला. मी यादी लिहून दिली: भात, वरण, पोळ्या, भाजी. भाजी कोणती ते लिहायचं राहिलं, आणि यांना बाजारात फक्त वांगं ओळखता येत होतं. दहा रविवार आम्ही वांगी खाल्ली. "नियम म्हंजे नियम वं," म्हणून हे मला चुलीजवळ फिरकू देईनात.

अकराव्या रविवारी मी एसटीने माहेरी गेले. तिसऱ्या वळणावर रांग होती. मी रांगेत उभी राहिले. नंबर आल्यावर दगडामागे वाकून खूण असल्याची खात्री केली, नारळ वाढवला आणि नवस बोलले, "माय, माझा रविवारचा स्वयंपाक मला परत दे!" मग पिशवीतून यादी काढून "नवस" या शब्दापुढे बरोबर अशी खूण केली.

वांगी वर्षभर चालली. खूण चौदाही दगडांवर आहे, हे मला परतीच्या एसटीत आठवलं.