भावोजींचा उन्हातला चंद्र

चंद्राला आजवर पुष्कळांनी मामा केलं असेल, पण त्याला वेठीला धरणारा माणूस या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो नेमका आमच्या थोरल्या ताईच्या वाट्याला आला. भावोजी मोखाड्याच्या कचेरीत कारकून. आखातातून परतलेल्या एका चुलतभावाने त्यांना कॅमेरा आणि दुधाच्या किटलीएवढी लांबच्या फोटोची लेन्स दिली, आणि सरळमार्गी माणूस कायमचा वर बघू लागला. लग्नानंतर काही वर्षांनी मी ठाण्याहून प्रथमच त्यांच्याकडे राहायला गेलो, तर संध्याकाळी हा सद्गृहस्थ ओट्यावर पाय फाकवून, ती किटली डोळ्याला लावून उभा! मी "भावोजी" म्हणून हाक मारणार, तोच ताईने माझ्या तोंडावर हात ठेवला. "श्वास धरा!" भावोजी ओरडले, आणि माझ्या डोळ्यांदेखत ताईने, भाच्यांनी आणि मीठ मागायला आलेल्या शेजारीणबाईंनीसुद्धा श्वास धरला. आत दूध उतू गेल्याचा वास आला, पण कोणी हललं नाही. फोटो ते काढणार आणि श्वास आम्ही धरायचा, यामागचं शास्त्र मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यांचा सारा अभिमान हातात होता. एवढी जड लेन्स नुसत्या हातांवर पेलून, न हलवता, चंद्राचा खड्डान् खड्डा टिपायचा. पुढच्या खेपेला मी हौसेने ठाण्याहून तिपाई स्टँड नेला. मी त्यांच्यासाठी कुबड्या आणल्या असाव्यात, असे ते माझ्याकडे बघत राहिले. "शालकबुवा," ते म्हणाले, "चंद्रावर भरदुपारचं ऊन पडलेलं असतं. उन्हातल्या म्हशीचा फोटो काढायला कोणी स्टँड लावतं का?" चंद्र आणि म्हैस एका दावणीला बांधणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्या स्टँडवर पुढे ताईने काकडीचा वेल चढवला. पौर्णिमेचं तर त्यांना वावडंच. "पुरणपोळीसारखा सपाट दिसतो, सावलीच नाही. अष्टमीचा बघा, कसा खडबडीत असतो!" कोजागिरीला अख्खी आळी चंद्राकडे तोंड करून दूध पीत असे आणि हे एकटे पाठ करून.

रोल धुवायला जात जव्हारला, स्टुडिओवाल्या चाचांकडे. पहिला रोल गेला तेव्हा चाचांनी वाईट तोंड करून रिकामं पाकीट परत दिलं. "साहेब, पूरा रोल खराब निकला. सब काला, बीच में एक सफेद दाग. मैंने छापाच नहीं." तो सफेद दाग म्हणजे भावोजींची तपश्चर्या! ते खाली बसलेच. मग चाचांना चहा पाजून, निगेटिव्ह उजेडात धरून त्यांनी एकेक खड्डा दाखवला. तेव्हापासून चाचा दाग जपून छापू लागले.

एकदा मे महिन्यात ते मला सूर्यमाळला घेऊन गेले. तिन्हीसांजेला माळावर त्यांनी लेन्स रोखली, तेवढ्यात पाड्यावरची एक बाई डोक्यावर रिकामा हंडा घेऊन थांबली. "दादा, त्या नळीतून पानी कुठं हाय ते दिसतं का?" भावोजींनी प्रामाणिकपणे सांगितलं, की ते चंद्र बघतायत आणि तिथे पाणी नसतं. "तठं पन नाय?" ती म्हणाली. "मंग आमच्यासारकाच त्यो." आणि ती उतारावरून निघून गेली. मला थप्पड बसल्यासारखं झालं. भावोजींनी लेन्सला झाकण लावलं. त्या दिवशी फोटो निघाला नाही.

ताईच्या उपासतापासांची ते मनसोक्त थट्टा करत. मग एका वर्षी, त्यांची निवृत्ती जवळ आलेली असताना, मी गणपतीला गेलो. चतुर्थीच्या संध्याकाळी ढग अचानक फाटले आणि पश्चिमेला कोर दिसली. ताईने धडाधड खिडक्या लावल्या. आज चंद्र बघितला तर चोरीचा आळ येतो, हे पोरासोरांना ठाऊक. भावोजी कॅमेरा घेऊन अंगणात! "मी कुठे बघतोय? भिंग बघतंय," म्हणाले. मी मान खाली घालून मागे उभा राहिलो, म्हणून चंद्र दिसला नाही, भावोजींचे हात दिसले. ते थरथरत होते. वारा नव्हता. त्यांनी श्वास धरायला सांगितलं, आम्ही धरला, तरी लेन्सचं टोक लटपटतच होतं. त्यांनी अख्खा रोल संपवला.

पुढच्या आठवड्यात चाचा स्वतः पाकीट घेऊन मोखाड्याला आले. एकही फोटो त्यांनी गाळला नव्हता. प्रत्येकात चंद्र फरफटलेला, ओल्या रंगावरून बोट फिरवावं तसा. "साहेब, कॅमेरे में कुछ गड़बड़ होगी," चाचा फोटोंकडे न बघता म्हणाले. कॅमेऱ्यात काही बिघाड नव्हता, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. भावोजींनी उजवा हात हळूच मांडीखाली घेतला.

तेव्हा ताई स्वयंपाकघरातून तरातरा बाहेर आली. "चतुर्थीच्या चंद्राला कॅमेरा लावलात! दोष लागणार नाही तर काय होणार? कॅमेऱ्याला नाही, हाताला नाही, चंद्रालाच नावं ठेवा!" आता हे तिच्यावर तुटून पडणार, म्हणून मी सावरून बसलो.

"तुझं खरं आहे गं," भावोजी म्हणाले.

आयुष्यात मला पुष्कळ धक्के बसले, त्यांतले निम्मे याच घरात. पण असा नाही. ताईने पदराने डोळे टिपले आणि चाचांना पोहे विचारले.

आता भावोजी चतुर्थी कडक पाळतात. पश्चिमेची खिडकी तेच आधी लावतात. दोष फिटायला वेळ लागतो, असं ताई दरवर्षी सांगते, आणि ते मान डोलावतात. मग ती त्यांना अर्धाच कप चहा देते, आणि तो दोन्ही हातांत धरून ते सावकाश पितात.